कस, मस्टर आणि पास : नागपूरच्या व्यवहारातील यशवाचक शब्दांविषयी

पदव्युत्तर वर्गात भाषांतराच्या तासाला घडलेल्या एका लहानशा प्रसंगातून प्रस्तुत निबंधाचा विषय निघाला. इंग्रजी उताऱ्यात एक योजना 'पास मस्टर' करू शकली नाही, अशा आशयाचे वाक्य होते. एका विद्यार्थ्याने त्याचे मराठी केले, ते असे : 'योजनेचे मस्टर पास झाले नाही.' ज्यांना इंग्रजी वाक्प्रचार ठाऊक होता ते हसले. मागच्या बाकावरील एक विद्यार्थी मात्र हसला नाही. त्याच्या घरी पाटबंधाऱ्याच्या कामावरची मजुरी येत असे. त्याने विचारले, 'मग मजुरी किती दिवसांनी मिळाली?'

हा प्रश्न चुकीचा नव्हता. विदर्भातील खेड्यापाड्यांत 'मस्टर पास होणे' हा जिवंत प्रयोग आहे. मजुरांच्या नावांचा व हजेरीच्या दिवसांचा कागद वरिष्ठाच्या सहीने मंजूर होणे आणि त्यामुळे मजुरीचे पैसे सुटणे, हा त्याचा अर्थ. म्हणजे पहिल्या विद्यार्थ्याने केलेले भाषांतर निरर्थक नव्हते. ते निराळ्याच अर्थाचे, पण पूर्ण मराठी वाक्य होते. इंग्रजी वाक्प्रचारातील दोन्ही शब्द मराठीत आले आहेत, दोन्ही रुळले आहेत, एकमेकांशेजारी बसूही लागले आहेत. फक्त इंग्रजीत त्या जोडीला जो अर्थ आहे तो येथे पोहोचला नाही. असे का झाले, याचा शोध घेता घेता 'कसाला उतरणे' म्हणजे काय, या जुन्या प्रश्नापाशी येऊन पोहोचावे लागते.

या शोधासाठी नागपुरातील गांधीबाग हा भाग सोयीचा आहे. गांधीबागेत कापडाचा ठोक बाजार आहे. तेथून पायी जाता येईल एवढ्या अंतरात इतवारीचा सराफा आहे, भोसल्यांचा महाल आहे, आणि जुम्मा तलावाच्या, म्हणजे आजच्या गांधीसागराच्या बाजूस एम्प्रेस मिल होती. सराफ्यात 'कस' हा शब्द चालतो, गिरणीत 'मस्टर' चालत असे, कापडाच्या पेढीवर माल 'पास' होतो किंवा परत जातो. तीन बाजारांच्या या तीन शब्दांच्या मागे तीन निरनिराळे परीक्षक उभे आहेत, आणि निवाडा देण्याची प्रत्येकाची रीत वेगळी आहे.

प्रथम मस्टर. लॅटिन भाषेत 'मोन्स्त्रारे' म्हणजे दाखविणे. त्यापासून जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत 'मस्टर' आला आणि सैन्याची मोजदाद या अर्थाने स्थिरावला. ही मोजदाद कशासाठी करावी लागे, हे समजून घेतल्याखेरीज त्या वाक्प्रचाराचा जोर कळत नाही. युरोपातील सेनानायकांस सैनिकांच्या संख्येप्रमाणे पैसा मिळे. त्यामुळे मेलेल्या किंवा पळून गेलेल्या शिपायांची नावे यादीवर ठेवून त्यांचा पगार स्वतः घेणे हा पुष्कळांचा धंदाच झाला होता. तपासणीच्या दिवशी गावातली कोणीही माणसे उसनी आणून रांगेत उभी केली जात. तपासनीस माणूस, शस्त्र व घोडा पाहून मान्यता देई. सोळाव्या शतकातील इंग्रजीत 'पास मस्टर'चा मूळ अर्थ हा : सरकारी डोळ्यांसमोर उभे राहून खरे ठरणे. पुढे शिपाई व घोडा मागे पडले आणि कोणत्याही वस्तूने अपेक्षित योग्यतेला पुरे पडणे, एवढा अर्थ शिल्लक राहिला.

आपल्याकडे ही लबाडीही होती आणि तिच्यावरचा उपायही होता. अकबराने १५७३-७४ च्या सुमारास दाग आणि चेहरा ही पद्धत अमलात आणली. घोड्याला डाग द्यावयाचा आणि स्वाराचे वर्णन लिहून ठेवावयाचे, म्हणजे हजिरीच्या वेळी भलताच स्वार वा भलतेच तट्टू पुढे करता येऊ नये. अल्लाउद्दीन खल्जीनेही यापूर्वी असाच प्रयत्न केला होता. मराठ्यांच्या लष्करी व्यवहारात ही परिभाषा उतरली. आज आपण एखाद्याची चेहरेपट्टी वडिलांच्या वळणाची आहे असे म्हणतो, तेव्हा मूळची चेहरेपट्टी ही शिपायाच्या ओळखीच्या खुणांची यादी होती, हे आपल्या ध्यानात नसते. 'हजेरी'ची कथा याहून मनोरंजक आहे. हजर असणे एवढाच या शब्दाचा मूळ अर्थ. परंतु मराठीत 'हजेरी घेणे' म्हणजे खरडपट्टी काढणे. जो हजेरी घेतो तो नुसता मोजत नाही, उणीव काढतो व त्याबद्दल बोलतो, हा अनुभव त्या क्रियापदात साठून राहिला आहे. इंग्रजी माणसाने मोजदादीच्या प्रसंगाकडे सुटलेल्याच्या बाजूने पाहिले आणि 'पास मस्टर' घडविले. मराठी माणसाने त्याच प्रसंगाकडे सापडलेल्याच्या बाजूने पाहिले. याचा अर्थ मराठी शिपाई अधिक लबाड होता असा कोणी काढू नये.

सीताबर्डीची लढाई १८१७ च्या नोव्हेंबरात झाली आणि १८२१ मध्ये कामठीची छावणी वसली. इंग्रजी लष्करी मोजदाद त्या सुमारास नागपूरच्या दाराशी आली. तथापि 'मस्टर' हा शब्द सर्वसामान्य माणसाच्या तोंडी जाण्यास छावणी कारण झाली असे मानणे कठीण आहे. छावणीतले शब्द छावणीच्या बाजारापर्यंत पोहोचतात. घरोघर जाण्यासाठी पगाराचे वाहन लागते. ते वाहन साठ वर्षांनी आले.

दरम्यान एक वेगळा धागा नोंदविला पाहिजे. लॅटिनमधील त्याच मुळापासून पोर्तुगीज भाषेत 'मोस्त्रा' झाला आणि भारताच्या किनाऱ्यावरील व्यापारात त्याचा अर्थ मालाचा नमुना असा होता. अँग्लो-इंडियन शब्दांच्या 'हॉब्सन-जॉब्सन' या १८८६ मधील प्रसिद्ध कोशात 'मस्टर' याचा अर्थ नमुना असाच दिला आहे. कंपनीच्या कापडखरेदीत नमुन्याचे ठाण समोर ठेवून विणकऱ्यांनी आणलेला माल त्याच्याशी ताडून पाहिला जाई. पन्हा, पोत, सुताची जाडी हे सर्व नमुन्याबरहुकूम असेल तर माल घेतला जाई. नसेल तर प्रत उतरवून कमी दाम दिला जाई किंवा माल नाकारला जाई. म्हणजे कापडाच्या धंद्यात मस्टरशी ताडून पाहिले जाणे ही अक्षरशः रोजची गोष्ट होती. गांधीबागेतील पेढीवर आजही ताका उलगडून नमुन्याशेजारी धरला जातो. पण त्या नमुन्याला तेथे कोणी मस्टर म्हणत नाही. मराठीत 'नमुना' हा फारसी शब्द आधीच ठाण मांडून बसला होता आणि 'मासला'ही होता. तिसऱ्याची गरज नव्हती. त्यामुळे ज्या एका अर्थाने हा शब्द गुणवत्तेच्या परीक्षेशी बांधलेला होता, नेमका तोच अर्थ मराठीत शिरू शकला नाही.

आता ते पगाराचे वाहन. जमशेटजी टाटा यांनी १८७४ मध्ये सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी स्थापिली आणि तिची नागपूरची गिरणी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. व्हिक्टोरिया राणीच्या सम्राज्ञीपदाची द्वाही त्याच दिवशी फिरली, म्हणून गिरणीला एम्प्रेस हे नाव मिळाले. नागपुरात १८६७ मध्ये आगगाडी आली होती, कापूस भोवतालीच पिकत होता, हातमागावर बसणारे कोष्टी पिढ्यान्‌पिढ्या येथेच होते. नव्हती ती एक गोष्ट : रोज ठराविक वेळी हजर राहण्याची सवय. पेरणी, कापणी, लग्नसराई, यात्रा या काळात साच्यांपाशी माणसे नसत. चालकांनी याबाबत दंडापेक्षा आमिषाचा मार्ग अधिक वापरला, हे या गिरणीच्या इतिहासातील लक्षणीय प्रकरण होय. चांगल्या कामगारांस समारंभपूर्वक बक्षिसे दिली जात. १८८६ मध्ये निवृत्तिवेतनाचा निधी आणि १८९५ मध्ये अपघाताची भरपाई सुरू झाली. या सर्वांचा हिशेब ठेवण्याचे साधन म्हणजे मस्टर. त्यावर नाव असणे म्हणजे गिरणीत असणे. नाव नसणे म्हणजे फाटकाबाहेर बदलीची वाट पाहत उभे राहणे.

येथे शब्दाचा अर्थ कसा वळला ते पाहण्यासारखे आहे. लष्करी मोजदादीत प्रश्न दोन होते : माणूस आहे का, आणि तो लढण्याच्या योग्यतेचा आहे का? गिरणीच्या कागदाला पहिला प्रश्न पुरे होता. विणलेल्या कापडाची परीक्षा दुसऱ्या खात्यात, दुसऱ्या माणसाकडून होई. अशा रीतीने मस्टरमधील निवाडा गळाला आणि हजेरी उरली. सार्वजनिक बांधकामांवर व दुष्काळी कामांवर हाच अर्थ पक्का झाला. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रभर जी कामे निघाली आणि पुढे १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने ज्यांना हक्काचे रूप आले, त्या कामांवर मस्टर हा शब्द अंगठा उठविणाऱ्या माणसाच्याही तोंडी गेला. 'मस्टर निघाले', 'मस्टरवर नाव चढले', 'मस्टर अडले' ही वाक्ये सर्वस्वी मराठी आहेत. खोट्या मस्टरांची तक्रारही त्यांच्याबरोबर आली, आणि तिच्यात तीनचारशे वर्षांपूर्वीचा युरोपीय सेनानायक पुन्हा भेटतो : न आलेल्या माणसाच्या नावावर पैसे उचलणारा. एम्प्रेस मिल २००२ मध्ये बंद पडली. गिरणी गेली तरी शब्द कागदासह कचेऱ्यांत आणि धरणांच्या बांधांवर राहिला.

वर्गातील हसण्याला आता वेगळा रंग येतो. इंग्रजी वाक्प्रचाराचा जो जुना व शब्दशः अर्थ होता, म्हणजे वेतनासाठी माणसांची यादी अधिकाऱ्याकडून मान्य होणे, तोच त्या मागच्या बाकावरच्या विद्यार्थ्याच्या घरी चालू होता. लाक्षणिक अर्थ तेवढा आला नाही.

या वाक्प्रचाराचा एक दूरचा मानलेला नातेवाईक म्हणजे अमेरिकन इंग्रजीतील 'कट द मस्टर्ड'. शब्दशः मोहरी कापणे. अर्थ, अपेक्षेला पुरे पडणे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो अमेरिकेत छापील मजकुरात दिसू लागतो आणि ओ. हेन्री या कथालेखकाच्या १९०७ मधील लेखनात आढळतो. हा 'मस्टर'चाच अपभ्रंश होय, असे मत वारंवार मांडले जाते. परंतु अपभ्रंश म्हणावयाचे तर त्यापूर्वीचे 'कट द मस्टर' असे रूप प्रचारात असल्याचे दाखविता आले पाहिजे. ते दाखविले गेलेले नाही. मोहरी ही तिखटपणामुळे इंग्रजीत पूर्वीपासून चलाखीचे व उत्तमपणाचे प्रतीक होती, एवढी पार्श्वभूमी पुरेशी मानावी. ध्वनिसाम्यावरून व्युत्पत्ती लावण्याचा मोह आपल्याकडेही कमी नाही. इतर इंग्रजी वाक्प्रचारांची कुळे अधिक स्पष्ट आहेत. 'कम अप टु स्क्रॅच' हा मुष्टियुद्धाच्या आखाड्यातील आहे. १८३८ च्या नियमांप्रमाणे खाली पडलेल्या गड्याला मधोमध आखलेल्या रेघेपाशी स्वतःच्या पायांनी यावे लागे. न आला तर तो हरला. 'अप टु द मार्क' याच्याही मुळाशी खूण आहे, आणि 'मेक द ग्रेड' हा बहुधा चढावर गाडी नेणाऱ्या अमेरिकन आगगाडीवाल्यांचा. 'स्टँडर्ड' हा मूळचा लढाईत रोवलेला ध्वज. पुढे राजाने ठरविलेले माप. या सर्वांत एक समान गोष्ट दिसते : एक रेघ अथवा खूण असते आणि माणूस तिच्या अलीकडे असतो किंवा पलीकडे.

इतवारीच्या सराफ्यात रेघ असते, पण ती निराळ्या तऱ्हेची. सोने कसोटीच्या काळ्या दगडावर घासले की सोन्याचीच रेघ उमटते, आणि पारखी ती रेघ माहीत असलेल्या सोन्याच्या रेघेशेजारी ठेवून रंग पाहतो. येथे ओलांडावयाचे काही नाही, वाचावयाचे आहे. या एका कृतीने मराठीला केवढी शब्दसंपत्ती दिली! संस्कृत 'कष्' म्हणजे घासणे. त्यापासून कस, कसोटी, निकष. उत्तम ते बावनकशी, हलके ते हिणकस. जमिनीला कस असतो, अंगात कस असतो, गड्याचा कस लागतो. 'परीक्षा' हा शब्द प्राकृतातून फिरून आला तो 'पारख' होऊन. म्हणजे सराफ्यातला पारखी आणि विद्यापीठाचा परीक्षक हे व्युत्पत्तीने सख्खे भाऊ आहेत, जरी एक दुसऱ्याला ओळख देत नसला तरी. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुवर्णाध्यक्षाच्या प्रकरणात तांब्याचे मिश्रण क्रमाक्रमाने वाढवून सोन्याच्या सोळा वर्णांची श्रेणी लावून दाखविली आहे. त्या श्रेणीतील एकही पायरी 'नापास' नाही. हलके सोने हेही सोनेच. त्याचा भाव हलका, इतकेच. हिणकस म्हटलेल्या मालालाही गिऱ्हाईक असते.

सोन्याच्या धंद्यातही पाश्चात्त्य रीत शेवटी आलीच. लंडनच्या सोनारांच्या संघाने १४७८ पासून आपल्या सभागृहात, म्हणजे 'हॉल'मध्ये, माल आणवून त्यावर खूण उठविण्यास आरंभ केला. तिच्यावरून 'हॉलमार्क' हा शब्द. भारतात सोन्यावर अशी खूण उठविण्याची योजना २००० साली सुरू झाली आणि २०२१ च्या जूनपासून टप्प्याटप्प्याने ती सक्तीची होत गेली. इतवारीत आता गिऱ्हाईक दागिना हातात घेताच 'हॉलमार्क आहे ना?' असे विचारते. प्रश्न कसाचा नाही, खुणेचा आहे. तथापि याच सराफाने आपल्या मुलीसाठी स्थळ पाहिले, तर तो 'मुलगा बावनकशी आहे' असेच म्हणेल.

आता तिसरा शब्द, 'पास'. याचे मूळ लॅटिन 'पास्सुस', पाऊल. पाऊल टाकून पलीकडे जाणे हा मुख्य अर्थ. नागपुरास तो अनेक दारांनी आला. रेल्वेचा पास आला, बिल पास होणे आले. परंतु त्याला घराघरांत नेले ते परीक्षेने. हिस्लॉप महाविद्यालय १८८३ मध्ये आणि मॉरिस महाविद्यालय १८८५ मध्ये सुरू झाले, तेव्हा नागपूरच्या विद्यार्थ्याचा परीक्षक कलकत्त्यास बसलेला असे. १९०४ च्या विद्यापीठ कायद्यानंतर तो अलाहाबादेस गेला, आणि १९२३ मध्ये नागपूर विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा कुठे गावात आला. म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षे नागपूरच्या मुलाला ज्याने त्याचा चेहरा कधी पाहिला नाही, ज्याला त्याची भाषा येत नव्हती, अशा माणसाने दिलेला निवाडा तारेने किंवा वर्तमानपत्राने कळत असे. पारखी समोर बसतो, दगड हातात धरतो. हा परीक्षक अदृश्य होता आणि त्याचे उत्तर दोनच शब्दांचे होते.

ही रेघ आरंभापासून किती कठोर व किती लवचीक होती, याचे उदाहरण त्या कलकत्ता विद्यापीठाच्या पहिल्याच बी. ए. परीक्षेत मिळते. १८५८ मधील त्या परीक्षेत सरळ मार्गाने कोणीच उत्तीर्ण झाले नाही. बंकिमचंद्र चट्टोपाध्याय व जदुनाथ बोस हे दोघे एका विषयात कमी पडले होते. त्यांना थोडे गुण वाढवून देऊन पदवी देण्यात आली. हे वाढीव गुण कसोटीच्या दगडाला कधी देता आले नसते. रेघ माणसाने आखलेली असते म्हणूनच ती माणसाला हलविता येते.

या निवाड्याचा उत्तरार्ध सांगण्यास मराठीने स्वतःचा शब्द घडविला, आणि तो या निबंधातील सर्वांत बोलका पुरावा आहे. इंग्रजी 'पास'ला फारसी 'ना' जोडून 'नापास' झाला. साचा घरचाच होता : नाराज, नापसंत, नालायक. शेजारची हिंदी 'फेल' या इंग्रजी शब्दावर भागविते. नागपूर द्विभाषिक शहर असल्यामुळे येथे दोन्ही ऐकू येतात. पण 'नापास' ही घडण पाहिली की एक गोष्ट ध्यानात येते. मराठीत पराभवाला, फसण्याला, अपयशाला शब्दांची वाण नव्हती. कमी होती ती रेघेच्या अलीकडे राहिलेल्या माणसाच्या नावाची. पूर्वी तशी रेघच नव्हती. रामदास हिणकस असू शकत होता, कच्चा असू शकत होता, ढ असू शकत होता. नापास असू शकत नव्हता.

परंतु 'पास' मराठीत एकटा राहिला नाही. त्याला येथे जुने गोत मिळाले, आणि ते सराफ्याचे नव्हे, नदीचे. संस्कृत 'उत्तीर्ण' म्हणजे तरून वर आलेला. काम आपण 'पार पाडतो', म्हणजे पलीकडच्या काठाला लावतो. 'तडीस नेतो', आणि तड म्हणजे तट. संकटातून माणूस 'तरून जातो'. एवढेच नव्हे, तर 'कसोटीस उतरणे', 'पसंतीस उतरणे' यांतील 'उतरणे' हेही त्याच 'उत्+तॄ' धातूचे लेकरू. आपण त्यात वरून खाली येणे पाहतो. मुळात पाण्यातून पार होऊन बाहेर येणे होते, आणि नदी 'उतरून' जाणे या प्रयोगात ते अजून दिसते. म्हणजे 'कसोटीस उतरणे' या एका वाक्प्रचारात सराफाचा दगड आणि नदीचा उतार दोन्ही एकत्र आले आहेत. अशा भाषेत पाऊल टाकून पलीकडे जाणारा 'पास' पाहुणा म्हणून राहणे शक्य नव्हते. विद्यार्थ्यांनी त्याला लगेच पाण्यात ओढले. जेमतेम सुटलेला 'काठावर पास' होतो. बुडालेला 'गटांगळी खातो'. गांधीबागेत काठ म्हटले की प्रथम लुगड्याचा काठ आठवतो, आणि एका कापड व्यापाऱ्याने मला 'काठावर पास' याचा अर्थ त्या अंगानेच समजावून दिला होता. परंतु जोडीला गटांगळी असल्यामुळे हा काठ नदीचाच मानला पाहिजे.

परीक्षेच्या परिभाषेतील इतर शब्दांकडे धावती नजर टाकू. 'स्टँडर्ड'साठी शाळाखात्याने स्वीकारलेला 'इयत्ता' हा शब्द नेमकेपणाने थक्क करतो : 'इयत्' म्हणजे एवढे, 'इयत्ता' म्हणजे एवढेपणा. एवढे आले म्हणजे पुरे. 'मार्क'साठी 'गुण' घेतला तेव्हा मात्र कसाची बाजू पुन्हा उचलून धरली गेली, कारण गुण हा वस्तूच्या अंगी असतो, मार्क बाहेरून पडतो. म्हणूनच बोलताना मुले 'मार्क पडले' म्हणतात आणि 'गुण मिळाले' म्हणतात. 'गुण पडले' म्हणताना जीभ अडखळते. 'यश' या शब्दाचा प्रवासही सांगावासा वाटतो. संस्कृतात यश म्हणजे कीर्ती. मराठीत ते कार्यसिद्धी झाले, आणि वैद्याच्या 'हाताला यश' असते तेव्हा ते एक प्रकारचे दैवी देणे होते. इंग्रजी 'सक्सेस'ही आरंभी नुसता परिणाम होता. सोळाव्या शतकातील इंग्रजांना चांगला सक्सेस आणि वाईट सक्सेस असे दोन्ही म्हणता येत असे. पुढे दोन्ही भाषांनी आपापल्या शब्दांतील अपयशाचा वाटा बाहेर काढला.

स्वातंत्र्याच्या सुमारास नागपूर हे परिभाषा घडविण्याचे मोठे केंद्र होते. डॉ. रघुवीर यांचे कार्य येथूनच चालले. मध्यप्रांत-वऱ्हाडातून संविधान सभेवर गेलेल्या या पंडिताने संस्कृत धातू व उपसर्ग यांच्या आधारे इंग्रजीतील सहस्रावधी संज्ञांना प्रतिशब्द रचले. त्यांची थट्टा पुष्कळ झाली, कित्येकदा अन्यायाने. पास-नापासांच्या जागी कागदावर 'उत्तीर्ण-अनुत्तीर्ण' आले ते याच शासकीय वातावरणात रुजले. 'उत्तीर्ण' टिकला, कारण त्याच्या मागे नदीचे सारे गोत उभे होते. 'अनुत्तीर्ण' निकालपत्राच्या बाहेर पडला नाही. निकालाच्या दिवशी रडत घरी आलेल्या मुलाला कोणी 'अनुत्तीर्ण झालास का?' असे विचारल्याचे ऐकिवात नाही.

'नापास' या शब्दाला जी धार आहे ती शासनालाही अखेर जाणवली. २०१० नंतरच्या दशकात महाराष्ट्राच्या शालान्त परीक्षेच्या गुणपत्रिकेवरून तो शेरा काढून 'कौशल्य विकासास पात्र' असा शेरा देण्याचे ठरले. या बदलामागील सद्हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण रेघ पस्तीसवरच राहिली, आणि चौतीस गुणांच्या मुलाला आपण कोणत्या काठावर आहोत हे शेऱ्याची भाषा बदलल्याने कळेनासे झाले नाही. शब्द बदलावयाचा तर दगडाकडे परत जावे लागेल, म्हणजे काय येते व किती येते हे लिहावे लागेल. आणि तेवढा वेळ हजारो उत्तरपत्रिकांच्या ढिगासमोर बसलेल्या परीक्षकाकडे नसतो, हे आमच्यापैकी प्रत्येकास ठाऊक आहे.

विद्यापीठाच्या आवारात मात्र विद्यार्थ्यांनी आपली सोय आपणच पाहिली आहे. काही विषय राहूनही पुढच्या वर्गात बसू देणारी जी सवलत आहे तिची इंग्रजी आद्याक्षरे घेऊन 'एटीकेटी' हा शब्द झाला. ती मिळते तेव्हा ते 'एटीकेटी मिळाली' म्हणत नाहीत, 'एटीकेटी लागली' म्हणतात. सवलत असूनही क्रियापद ठेच लागल्याचे, दृष्ट लागल्याचे. आणि पुढे कधीतरी तो विषय सुटला की 'पास झालो' हेही फारसे ऐकू येत नाही. महालाकडून गांधीबागेकडे जाणाऱ्या रस्त्यावर मागील वर्षी निकालाच्या संध्याकाळी एक मुलगा दूरध्वनीवर मोठ्याने सांगत होता, 'निघाला, आई, निघाला विषय!'